बांध तसा रस्ता

घराचं करारपत्र कपाटातून काढा आणि मिळकतीचं वर्णन असलेलं पान उघडा. पुण्यात प्रभात रस्ता, शिवाजीनगर किंवा पर्वतीच्या काही भागात घर असेल तर तिथे ‘अंतिम भूखंड क्रमांक’ असा उल्लेख सापडेल. बोलण्यात त्याला एफपी नंबर म्हणतात. धायरी, आंबेगाव, उंड्री, वाघोली या बाजूचं घर असेल तर सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर किंवा गट नंबर लिहिलेला असेल. हे पान आपण आयुष्यात एकदाच वाचतो, तेही सही करण्याच्या घाईत. पण रोज किती पायपीट होणार, मुलं कुठे खेळणार, आग लागली तर बंब दारापर्यंत येणार की कोपऱ्यावर अडकणार, हे बरंचसं त्या एका ओळीत आधीच ठरून गेलेलं असतं.

प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांना क्रमांक आहेत. रिक्षावाल्याला नंबर सांगितला की काम झालं. मी शहराच्या दक्षिण टोकाला राहतो. माझा पत्ता सांगायचा म्हणजे पाण्याची टाकी, मग गणपती मंडळाची कमान, मग बंद पडलेली पिठाची गिरणी आणि तिथून ‘फोन करा, मी येतो’. आमची गल्ली तीन ठिकाणी वळते. का वळते ते बरीच वर्षं कळलं नव्हतं. मग ज्यांच्या वडिलांची ही शेती होती त्या शेजारच्या काकांनी एकदा गच्चीवर उभं राहून दाखवलं. पहिलं वळण चुलत्यांच्या वाटणीचा बांध. दुसरं वळण विहीर, आता बुजवलेली. तिसऱ्या वळणावर दोन भाऊ कोर्टात गेले होते. बांध तसा रस्ता. त्याच गच्चीवरून मुलांची शाळा दिसते. सरळ रेषेत दोनशे पावलं असेल, पण जायचं तर सव्वा किलोमीटरचा वळसा, कारण मधे दोन सोसायट्यांच्या भिंती पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. दोन्ही सोसायट्यांचे नकाशे मंजूर आहेत. बेकायदा काहीच नाही, आणि खरी अडचण हीच आहे.

शेताचा आकार बैल कसा वळतो, पाणी कुठून उतरतं, वाटण्या किती झाल्या यावर ठरलेला असतो. त्या आकारात घरं बांधत गेलं की शहर तयार होत नाही, शेतांवर इमारती उभ्या राहतात एवढंच. शेतं आधी मोडून, पुन्हा जुळवून, मग त्यांचे भूखंड करावे लागतात. ‘अंतिम भूखंड’ या शब्दांतला ‘अंतिम’ तो आहे: आधी मूळ भूखंड होता, त्याची फेरमांडणी झाली, आणि जे हाती आलं ते अंतिम. हे करण्याच्या पद्धतीला नगररचना योजना म्हणतात, सरकारी कचेरीत टीपी स्कीम. माझं म्हणणं असं की महाराष्ट्राची शहरं राहण्याजोगी करायची तर जमिनीच्या नियोजनाचा मुख्य मार्ग हा असायला हवा. आपण तो जवळजवळ सोडून दिला आणि त्याच्या जागी ‘आरक्षण’ नावाची एक सोडत सुरू केली.

जमीन कशासाठी वापरायची याचा विचार आपल्याला काही परका नाही. मराठी कागदपत्रांत गावाच्या जमिनीची मूळ विभागणीच काळी आणि पांढरी अशी आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरी बहुधा जरा उंचावर, जिथे पाणी तुंबत नाही आणि पीकही फारसं येत नाही तिथे. शेजारी गायरान, ओढ्याकाठी मसणवटा, डोंगराच्या कुशीत देवराई. कसदार जमिनीवर घर बांधणं हा गाढवपणा समजला जाई. मात्र या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना लोक एक गोष्ट सोयीस्कर विसरतात. तिच्यातला सर्वांत पक्का नियम जातीचा होता. महारवाडा आणि मांगवाडा गावकुसाबाहेर, आणि कुणी कुठल्या पाणवठ्यावर जायचं हेही ठरलेलं. तेही जमीनवापराचं नियोजनच होतं. तेव्हा नियोजन म्हटल्यावर ते लोकहिताचं असतंच असं धरून चालू नये. त्याचा भार कुणावर पडतो आणि लाभ कुणाला मिळतो, हे आधी विचारावं.

आता हाच प्रश्न आजच्या विकास आराखड्याला विचारू.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यानुसार महापालिका वीस वर्षांचा आराखडा करते, कुठे निवासी, कुठे शेती, कुठे औद्योगिक ते रंगवते आणि काही जमिनींवर बाग, शाळा, दवाखाना, क्रीडांगण, रस्ता असे ठिपके देते. हा ठिपका म्हणजे आरक्षण. आपली भाषा इथे फार प्रामाणिक आहे. वीज पडते, दरड पडते, धाड पडते, तसं आरक्षण ‘पडतं’. शेजारी-शेजारी दोन शेतं आहेत असं समजा. एकावर बागेचं आरक्षण पडलं. त्याची जमीन आता कुणी घेणार नाही, बँक कर्ज देणार नाही, मुलीच्या लग्नाला चार गुंठे विकता येणार नाहीत. दुसरं शेत निवासी विभागात आलं, आणि शेजारी बाग होणार म्हणून त्याचा भाव वाढला. पहिल्याच्या नुकसानीवर दुसऱ्याचा नफा उभा. दोघांत फरक काय? नकाशा काढणाऱ्याची पेन्सिल कुठे टेकली, एवढाच.

अशा व्यवस्थेत पहिल्या शेतकऱ्यानं काय करावं? तो नगरसेवकाकडे जातो, आमदाराकडे जातो, मुंबईला खेपा घालतो. आरक्षण जसं पडतं तसं ते ‘उठतं’ही. कायद्यातल्या कलम ३७ नुसार मंजूर आराखड्यात ‘किरकोळ फेरबदल’ करता येतो, आणि किरकोळ म्हणजे किती याला लवचीकपणा भरपूर. ज्याची ओळख आहे त्याचं आरक्षण उठतं. ज्याची नाही त्याच्यावर ते राहतं किंवा सरकून येतं. मी अशा शेतकऱ्याला भ्रष्ट म्हणायला तयार नाही. साऱ्या पेठेनं फिरायची ती बाग एकट्यानं फुकट द्यावी अशी अपेक्षा करणारी पद्धतच मुळात अन्यायाची आहे. ती मोडायला माणसं धडपडणारच, आणि ती मोडून देण्याचा धंदाही चालणारच.

बरं, आरक्षण टिकलं तरी बाग होते का? कलम १२७ सांगतं की दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकानं नोटीस द्यावी आणि ठरलेल्या मुदतीतही संपादन झालं नाही तर आरक्षण व्यपगत होईल, म्हणजे आपोआप संपेल. मालकाच्या बाजूनं पाहिलं तर हे रास्तच आहे. पण २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर मोबदला वाढला (तोही रास्तच), आणि महापालिकांच्या तिजोरीत तेवढे पैसे नाहीत. तेव्हा रोख रकमेऐवजी टीडीआर द्यायचा, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. जमीन आम्हाला द्या, तिच्यावर जेवढं बांधता आलं असतं त्याचा कागद घ्या, तो दुसऱ्याला विका, तो दुसरीकडे तेवढं जादा बांधेल. मुंबईत हे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीबरोबर आलं, पुढे पुण्यातही रुळलं. पालिकेला हे आवडणारच, कारण तिच्या खिशातून दमडी जात नाही. नोटा छापल्यासारखं आहे ते. पण छापलेल्या नोटेची किंमत कुणीतरी चुकवतंच. इथे ती ज्या गल्लीत तो टीडीआर जाऊन उतरतो ती गल्ली चुकवते. रस्ता जुनाच, जलवाहिनी जुनीच, आणि दुमजली बंगल्याच्या जागी सात मजले.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा हा या साऱ्याचा नमुना आहे. १९८७ च्या आराखड्यानंतरचा हा आराखडा २००७ ते २०२७ या काळासाठी. २०१३ मध्ये त्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं आणि ८० हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. २०१५ मध्ये राज्य सरकारनं तो महापालिकेच्या हातून काढून घेतला. मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे वीस वर्षांच्या आराखड्यातली दहा वर्षं सरल्यावर. शहराबाहेरच्या पट्ट्याचं तर त्याहून वाईट झालं. पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, प्रारूप आराखडा २०२१ मध्ये आला, त्यावरही हरकतींचा ढीग पडला, आणि २०२५ मध्ये सरकारनं तो गुंडाळून ठेवला. दरम्यान तिथली बांधकामं काही कुणासाठी थांबली नाहीत.

एवढ्या हरकती आल्या की वर्तमानपत्रं ‘नागरिकांचा उदंड प्रतिसाद’ असं लिहितात. सुनावणीच्या वेळी मी एकदा अशा रांगेत बसलो होतो. शेजारच्या प्रत्येकाच्या हातात आपापल्या गट नंबरचा उतारा होता आणि म्हणणं एकच: माझ्यावरचं काढा. कुठे टाका, हे सांगणं त्याचं काम नव्हतं. पद्धतीनं त्याला मालकाच्या भूमिकेतच बोलावलं होतं, रहिवाशाच्या नाही. आमच्या भागात शाळा कुठे हवी, असं कुणी कुणाला विचारत नव्हतं.

नगररचना योजनेत हा खेळच बदलतो. समजा शिवारातल्या वीस शेतकऱ्यांची मिळून शंभर एकर जमीन आहे. ती कागदावर एकत्र करायची. त्यातून रस्ते, बाग, शाळा, दवाखाना, गरिबांची घरं यांना जागा काढायची. थोडे भूखंड पालिकेकडे ठेवायचे, ते विकून रस्ते आणि गटारं करायची. अहमदाबादच्या योजनांत ही कपात साधारण ४० टक्के असते. उरलेल्या साठ एकरांचे चौकोनी, रस्त्याला तोंड असलेले भूखंड पाडून ज्याचे त्याला, शक्यतो मूळ जागेजवळ परत द्यायचे. क्षेत्र सगळ्यांचंच घटतं, पण मागे अडकलेल्या वेड्यावाकड्या तुकड्याच्या जागी सगळ्यांनाच रस्त्यावरचा भूखंड मिळतो आणि त्याचा भाव कितीतरी चढतो. त्या वाढीतला ठरावीक हिस्सा पालिका सुधारणा आकार म्हणून घेते. बाग कुणाच्या मूळ शेतावर आली याला आता अर्थच उरत नाही, कारण ते शेत म्हणून शिल्लक नाही. आरक्षण कुणावर ‘पडत’ नाही. सगळे मिळून ते उचलतात.

यात आपल्याला नवं काहीच नाही. देशातला पहिला नगररचना कायदा मुंबई प्रांताचा, १९१५ चा. त्याचा गाभाच ही योजना होती. पुण्याचे एफपी नंबर त्याच परंपरेतले. पुढे महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि दोन भावांनी एकाच घरातली दोन वेगवेगळी भांडी उचलावीत तसं झालं. गुजरातनं आपल्या १९७६ च्या कायद्यात योजना मुख्य ठेवली. अहमदाबादभोवतीच्या सरदार पटेल रिंग रोडची बरीचशी जमीन मिळाली ती योजनांतून. आपण आराखडा आणि संपादन हा रस्ता धरला, आणि ते परवडेना तेव्हा टीडीआरवर आलो. योजना आपल्याही कायद्यात आहे, बहुतेक ठिकाणी नुसती पडून आहे.

मगरपट्ट्याचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं. द्यायलाही हवं. हडपसरजवळच्या शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन बिल्डरला तुकड्यातुकड्यानं न विकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि आपापल्या जमिनीच्या प्रमाणात तिचे भागीदार झाले. शेतकरी फेरमांडणीला तयार होत नाहीत, या सबबीला हे सणसणीत उत्तर आहे. पण मला त्या उदाहरणाची एक धास्तीही वाटते. ते बहुतेक एका गोताचे, एकमेकांवर विश्वास असलेले लोक होते, नेतृत्व घरचंच होतं, आणि जे उभं राहिलं ते कुंपणाच्या आतलं शहर. प्रत्येक गावाला अशी भावकी आणि असा पुढारी मिळत नाही. जिथे मिळत नाही तिथलं काम सरकारचं. शिवाय भिंतीआडच्या सुंदर रस्त्याचा बाहेरच्या गावाला उपयोग काय?

योजनेविरुद्धचे आक्षेप खरे आहेत, ते झटकून चालणार नाही. नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना नावाच्या नियोजित क्षेत्रात सिडको या सरकारी महामंडळानं योजना आखल्या. शेतकऱ्याला ४० टक्के जमीन परत, ६० टक्के सिडकोकडे. तिथे विरोध झाला, आणि तो होणारच होता. निम्म्याहून अधिक जमीन गेल्यावर तिला वाटणी कोण म्हणेल? कपातीचा आकडा हाच या पद्धतीचा जीव आहे. रस्ते, बागा, शाळा यांना जेवढी लागते तेवढी जमीन घ्या, वरची विक्रीसाठीची कमीत कमी, आणि तिचा हिशोब त्या शंभर एकरांतच खर्ची पडताना दिसू द्या. शेतकऱ्याला गणित येत नाही असं समजणाऱ्यानं एकदा त्याच्याबरोबर बाजार समितीत जाऊन यावं.

दुसरा आक्षेप वेळेचा. योजना वर्षानुवर्षं रखडतात. पुण्याजवळच्या म्हाळुंगे-माणच्या योजनेची चर्चा ऐकत पुण्यातली एक पिढी मोठी झाली, असं गमतीनं म्हणतात. यावर गुजरातनं एक व्यवहारी तोड काढली: योजनेचं प्रारूप मंजूर झालं की रस्त्यांची जमीन लगेच ताब्यात घ्यायची, भूखंडांची किंमत आणि वाद मागाहून मिटवायचे. रस्ता एकदा जमिनीवर आखला गेला की निम्मे वाद आपोआप थंडावतात. मुरूम पडलेला दिसला की लोक भांडणापेक्षा भाव विचारायला लागतात.

तिसरा आक्षेप मात्र मला खरोखर अवघड वाटतो. ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्यात वाटणी झाली, ज्याच्याकडे नाही त्याचं काय? आणि ज्याच्याकडे एकच गुंठा आहे त्याचं? शहराच्या कडेला हजारो कुटुंबांनी गुंठा-दीड गुंठा घेतलेला असतो. कागद म्हणजे नोटरी केलेलं साठेखत, फार तर कुलमुखत्यारपत्र. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यातून ४० टक्के काढले तर राहायला उरतं काय? ही माणसं रिक्षा चालवतात, सुरक्षा रक्षक असतात, चार घरी स्वयंपाक करतात. नियमातल्या शहरात त्यांना परवडेल असं घर नव्हतं, म्हणून त्यांनी नियमाबाहेरचा गुंठा घेतला. सरकारनं २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ मध्ये मुदत २०२० अखेरपर्यंत वाढवली. दर वेळी ‘आता शेवटचं’. नियमितीकरणानं कागद सरळ होतो, पण गल्ली रुंद होत नाही. म्हणून योजनेत अशा लहान भूखंडांना क्षेत्राची कपात नकोच. त्यांचा वाटा मोठ्या भूखंडांवर पसरावा, आणि वस्तीतले दोन रस्ते बंब जाण्याएवढे करण्यासाठी जी घरं हलतील त्यांना त्याच योजनेत, पायी जाण्याच्या अंतरावर पक्कं घर मिळावं. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या अकराव्या मजल्यावर नको. आणि गरिबांच्या घरांसाठीची जागा शेवटी उरलेल्या खड्ड्यात न देता पहिल्या रस्त्याला लागून काढावी. गावकुसाबाहेरची सवय आपल्या हाडात इतकी मुरली आहे की ती नियमात लिहूनच मोडावी लागेल.

वाटणीचं तत्त्व चांगलं असलं तरी ते कशावर लागू होतं यात मेख असते. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीचं तेच झालं. १९९१ च्या त्याच विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे गिरणीची जमीन विकासाला निघाली की साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. सुमारे ६०० एकरांचा, शहराच्या मधोमधचा प्रश्न होता. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीवर लागू केली. शेड पाडून जी मोकळी होईल ती मालकाची. गिरणीत शेड नाही तर काय असणार? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती ग्राह्य धरली. एक-तृतीयांशाचं सूत्र कागदावर जसंच्या तसं राहिलं, आणि गिरणगावाला बाग काही मिळाली नाही.

गोव्यात हीच गोष्ट उलट्या टोकानं घडली. लोकांच्या आंदोलनानंतर प्रादेशिक आराखडा २०११ रद्द झाला, मग २०२१ चा आराखडा ग्रामसभांना विचारून करण्याचा प्रयत्न झाला. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांसारखी माणसं त्यात होती. आपल्याकडच्या हरकतींच्या रांगेपेक्षा ही पद्धत कितीतरी सरस. पण पुढे गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं, आराखड्यातल्या ‘चुका’ दुरुस्त करण्यासाठी, आणि एकेक सर्व्हे नंबर शेतीतून वस्तीत जाऊ लागला. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं त्यासाठीचे नियम रद्द केले. आराखडा गावानं मिळून केला आणि तो सुटा सुटा, मालकामालकानं मोडला गेला. सर्व्हे नंबर हे एकक जोवर आहे तोवर हे चालू राहणार.

इथपर्यंत मी देवाणघेवाणीची भाषा बोललो. पण दोन गोष्टी देवाणघेवाणीत बसत नाहीत: पाण्याची वाट आणि डोंगराचा उतार.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा चढला. कात्रजच्या बाजूनं आलेलं पाणी अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनीत भिंती पाडत घुसलं. त्या रात्री शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणत होते, ओढ्यानं वाट बदलली. ओढ्यानं काही बदललं नव्हतं. अठराव्या शतकात पेशव्यांनी हाच ओढा वळवला, तेव्हा निदान त्याला दुसरं पात्र देऊन वळवला. आपण पात्रच आवळत आणलं, कुठे भिंत, कुठे पाइप, कुठे वाहनतळ. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, तिथेही कथा तीच. नदीला निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. ओढ्या-नाल्यांकडे मात्र तेवढ्या काळजीनं कुणी पाहत नाही, आणि माणसं मरतात ती बहुधा ओढ्याकाठी.

सातबाऱ्यावर याची नोंद होती, ही त्यातली खटकणारी गोष्ट. शेतातून ओढा गेला असेल तर तेवढं क्षेत्र ‘पोटखराब वर्ग ब’ म्हणून लिहिलेलं असे, पाण्याच्या वाटेसारख्या सार्वजनिक कामासाठी सोडलेलं, ज्यावर शेतसारा नाही. ते आपलं नाही हे शेतकऱ्याला माहीत होतं, सरकारलाही माहीत होतं. शेताचा लेआउट झाला आणि मधेच ती ओळ कुठेतरी गळली. कुठे गळली हे शोधणं फार अवघड नसावं, कुणी शोधायचं ठरवलं तर.

टेकड्यांचं दुखणं जरा वेगळं आहे. १९९७ मध्ये पुण्याच्या हद्दीत आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. मी त्या आरक्षणाच्या बाजूनं आहे. टेकडीवर बांधलं की खालच्या ओढ्याला पूर येतो, आणि बोअरला पाणी लागत नाही हे वेगळंच. पण तिथल्या खाजगी मालकाला मोबदला म्हणून देऊ केला ८ टक्के टीडीआर. पायथ्याच्या मालकाला मात्र मागे कायमची हिरवी टेकडी, म्हणून फ्लॅटच्या जाहिरातीत ‘हिल व्ह्यू’ आणि चौरस फुटाला जादा दर. मग टेकडीचा मालक रात्री जेसीबी लावतो, पत्र्याच्या शेड टाकतो, गुंठे विकतो. आपण त्याला अतिक्रमण म्हणतो, निसर्गप्रेमी मोर्चा काढतात, पालिका कारवाई करते, महिन्यानं शेड पुन्हा उभी. यावर उपाय पुन्हा वाटणीचाच. टेकडी आणि पायथा एकाच योजनेत घ्या. टेकडीवरच्या मालकाला त्याच्या हिश्शाचा अंतिम भूखंड पायथ्याशी द्या, म्हणजे ‘हिल व्ह्यू’चा नफा टेकडी सोडणाऱ्यालाही मिळेल. टेकडी राखणं हा मग त्याच्याही फायद्याचा व्यवहार होईल.

बाकीचे मुद्दे मला दुय्यम वाटतात, कारण जमिनीची फेरमांडणी झाली तर ते सोपे होतात आणि नाही झाली तर त्यांचा उपयोग नाही. मेट्रो स्थानकाभोवती पाचशे मीटरमध्ये जादा चटई क्षेत्र, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकाम करू द्या म्हणतात. जरूर द्या, पण स्थानकापर्यंत चालत जायला गल्लीच नसेल तर त्या इमारतीतला माणूस दुचाकीच काढणार. खाली दुकान आणि वर घर ही पुण्यातल्या पेठांची जुनी रीत. कसब्यातल्या माणसाला ‘मिश्र वापर’ शिकवायची गरज नाही. २०२० च्या राज्याच्या एकात्मिक बांधकाम नियमावलीनं लेआउटमध्ये सुविधा क्षेत्र, म्हणजे शाळा-दवाखान्यासारख्या सोयींची जागा, सोडण्याची अट सैल केली, लहान लेआउट त्यातून सुटले, हे वाईट झालं. पण जे सुविधा भूखंड आधी मिळाले होते तेही कुठल्यातरी सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात, कचरा टाकायच्याच जागी. प्रत्येक शेतातून दहा टक्के कोपरा सुटतो आणि सगळे कोपरे मिळून एक मैदान होत नाही.

प्रश्न मग एवढाच राहतो की सुरुवात कुठे करायची. प्रभात रस्ता परत करता येणार नाही, आणि आमच्या गल्लीची तीन वळणंही आता सरळ होणार नाहीत. तिथे लाखो रुपयांची कर्जं उभी आहेत. पण २०१७ आणि २०२१ मध्ये पुण्याच्या हद्दीत जी गावं आली त्यांच्या कडेला अजून ऊस आहे, ज्वारी आहे, बांध आहेत. मांडणी बदलायची ती इथेच, आणि तीही लेआउट मंजूर होण्याआधी, कारण एकदा इमारत उभी राहिली की बांध कायमचा पक्का होतो. अशा शिवारात योजना जाहीर होऊन प्रारूप तयार होईपर्यंत सुट्या लेआउटना मंजुरी थांबवावी. दोन वर्षं, मोजून, एकही दिवस जास्त नाही. बिल्डर ओरडतील. ज्यांनी इसार घेऊन ठेवलाय ते शेतकरीही ओरडतील. त्यांना आपला हिशोब लेखी मिळायला हवा: किती गुंठे जाणार, कुठला भूखंड मिळणार, त्याचा आजचा भाव काय.

आणि त्या कामाचा पहिला नकाशा रस्त्यांचा नसावा. तो पाण्याचा असावा. जुना गावनकाशा, सातबाऱ्यावरची पोटखराबाची नोंद आणि पावसाळ्यातली पाहणी एकत्र करून काढलेला, मोठ्या कागदावर, गट नंबरांसकट. तो पालिकेच्या संकेतस्थळावर टाकून भागायचं नाही. चावडीच्या भिंतीवर, देवळाच्या ओसरीवर, हात पुरेल इतक्या उंचीवर लावावा आणि पेन्सिल दोरीला बांधून ठेवावी. गावातल्या म्हाताऱ्या बायका-माणसं त्यावर बोट ठेवून सांगतील, हा वगळ इथून नाही, तिथून जायचा; आणि इथे हे जे कोरडं दाखवलंय ना, इथे आमची म्हैस वाहून गेली होती.